तुरळक ठिकाणी

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे दुसरीकडे, अशी पुण्यात पक्की समजूत आहे. रात्रीच्या बातम्यांत ‘मध्य महाराष्ट्रात उद्या तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या सरी’ एवढं कानावर पडलं, की कोथरूडचा माणूस मनाशी म्हणतो, हडपसरला पडणार. हडपसरचा म्हणतो, कात्रजला. कात्रजचा माणूस एकदा बोगद्याच्या दिशेने बघतो, ‘पलीकडे शिरवळला असेल’ असं ठरवतो आणि निर्धास्तपणे कपडे वाळत घालतो. दुसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास हे तिघंही आपापल्या भागात कुठल्यातरी दुकानाच्या पत्र्याखाली उभे असतात आणि ‘या लोकांना काही कळत नाही’ यावर तिघांचं, एकमेकांची भेटही न होता, एकमत झालेलं असतं.

पंचाईत अशी आहे की या लोकांना सगळं कळतं. हवामान खातं १८७५ सालचं. दीडशे वर्षं आभाळाकडे बघून झाल्यावर माणूस शब्द जपूनच वापरायला लागतो. १९२८ साली शिमल्याहून त्यांचं मुख्यालय पुण्यात शिवाजीनगरला आलं आणि तेव्हापासून तो चौक सिमला ऑफिसचा म्हणूनच ओळखला जातो. त्याच चौकातल्या बसथांब्यावर, खात्याच्या इमारतीकडे पाठ करून, छत्रीशिवाय निथळत उभी असलेली माणसं मी दर पावसाळ्यात बघतो. त्यात मीही असतो.

तर त्यांच्या कोष्टकात ‘तुरळक’ची व्याख्या रीतसर दिलेली आहे. ज्या भागाचा अंदाज द्यायचा, तिथल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव हिश्श्यापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’. ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याच्या वर गेला की ‘बहुतांश ठिकाणी’. इंग्रजी पत्रकात पहिल्याला आयसोलेटेड म्हणतात आणि दुसऱ्याला स्कॅटर्ड. आता या व्याख्येत केंद्रं आहेत, टक्केवारी आहे. आमच्या गॅलरीतली दोरी कुठेच नाही. आमचं सगळं दुखणं इथे आहे. आम्हाला अंदाज हवा असतो तो पिनकोडसकट, शक्य असेल तर विंग आणि फ्लॅट नंबर टाकून.

भाच्याच्या मोबाइलमध्ये म्हणे तसा मिळतो. त्याच्या फोनवर ढगाचं एक चित्र असतं, खाली दोन तिरक्या रेघा आणि ‘स्कॅटर्ड शॉवर्स’. इंग्रजीतून आला म्हणजे तो पाऊस जरा सुशिक्षित असणार, असा घरातल्या तरुण मंडळींचा समज आहे. शेजारी टक्के लिहिलेले असतात. एकदा त्यात ४० टक्के आलं.

“म्हणजे पडणार की नाही?” मी विचारलं.

“मामा, चाळीस टक्के चान्स आहे.”

“आमच्या वेळी पस्तीसला पास करत होते. म्हणजे पडणार.”

“अहो, साठ टक्के न पडण्याचा चान्स आहे!”

“म्हणजे न पडणारा फर्स्ट क्लास.”

भाच्याने फोन खिशात घातला. दोघंही पास झाल्यावर आम्ही छत्री न्यायची की नाही याचा निकाल राखून ठेवला आणि स्कूटरवरून तसेच निघालो. छत्रीबद्दल मराठीत इतकं लिहून झालेलं आहे की पुढचं वाचकांनी आपल्या पसंतीच्या लेखकाकडून वाचावं.

मला सांगायचंय ते गादीबद्दल. नवरात्राच्या आधी आमच्याकडे घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुवायचा, आणि जे धुता येत नाही ते उन्हात टाकायचा कार्यक्रम असतो. घटस्थापना तोंडावर आलेली, ऊन कडक पडलेलं.

“अहो, कापसाच्या गाद्या टाकायच्या का वर?”

“टाकू की. तुरळक ठिकाणी म्हणालेत.”

“आपलं ठिकाण तुरळक नाही ना?”

हा प्रश्न इतका मुद्देसूद होता की मी तो ऐकलाच नाही. चार मजले चढून गाद्या गच्चीवर गेल्या. लिफ्टमध्ये गादी मावते, पण मग माणूस मावत नाही.

पाऊस आला तो ‘हलका’. हा शब्दही त्यांनी मोजून दिलेला आहे: २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस. ऐकायला अगदी सोज्वळ वाटतो. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. सहा बाय चारची गादी सव्वादोन चौरस मीटरला थोडी कमी भरते. पंधरा मिलिमीटर पाऊस या गादीवर पडला तर तेहेतीस लिटर पाणी, म्हणजे पावणेदोन बादल्या. छत्रीवरून हे पाणी ओघळून जातं, रस्त्यावरून गटारात जातं, डोक्यावरून नाकावर येतं. कापसाच्या गादीवरून ते कुठेही जात नाही. जुना सावरीचा नव्हे, साधा सरकीचा कापूस. त्याने आलेल्या पाहुण्याला सोडलं नाही. गच्चीवर मी एका टोकाला धरून उचलायला गेलो तेव्हा ते टोक माझ्या हातात आलं आणि बाकीची गादी होती तिथेच राहिली. शेवटी वॉचमन, दूधवाला आणि बी विंगमधली दोन जिमला जाणारी मुलं अशी फळी उभी करून ती खाली आणली. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारत होता, “गादी वर टाकली होती का?” मराठी माणसाचं हे एक आहे, डोळ्यांसमोरची गोष्ट तो तोंडी खातरजमा केल्याशिवाय मान्य करत नाही.

त्या वेळी हस्त नक्षत्र चालू होतं, ही माहिती आत्याने फोनवर दिली. हस्ताच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात. “हत्ती गच्चीवर आल्यावर गाद्या कशा राहतील?” ती म्हणाली. आत्याचा सगळा विश्वास पंचांगावर. तिच्याकडे प्रत्येक नक्षत्राचा पाऊस स्वभावासकट तयार असतो: पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा आणि पूर्वाचा सुनेचा. शिवाय दर नक्षत्राला वाहन. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर खुशाल पेरा. कोल्हा किंवा मेंढा आला तर हात आखडा. मला या पद्धतीत एक गोष्ट फार आवडते. कोल्हा आला आणि तरी धो धो पडला, तर लोक कोल्ह्याला लबाड म्हणतात, पंचांगाला कोणी काही म्हणत नाही. खात्याने एकही प्राणी पाळलेला नाही, त्यामुळे सगळं त्यांच्याच अंगावर येतं.

आमच्या इमारतीत खात्याची बाजू घेणारा एकच माणूस आहे, वरच्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी चहाबरोबर कालच्या पावसाचे आकडे वहीत उतरवून घेतात. मी एकदा लिफ्टमध्ये त्यांना म्हणालो, “काल संध्याकाळी काय झोडपला हो! लक्ष्मी रस्त्यावर अर्धा तास अडकलो.”

“काल? काल शून्य आहे.”

“अहो काका, मी भिजलोय.”

“किती वाजता?”

“सहा.”

“मग ते आजच्या तारखेत. सकाळी साडेआठला मोजतात, मागच्या चोवीस तासांचं. काल साडेआठनंतर पडला तो आज जमा. व्हॅल्यू डेट आजची.”

काकांनी माझं भिजणं पुढच्या तारखेला वर्ग केलं. मी त्यांना शर्ट दाखवायला गेलो नाही. शर्ट कालच्या तारखेला वाळला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून दार वाजवून सांगितलं की आकडा आला, २.२ मिलिमीटर.

“बघा, म्हणजे पडला होता!”

“पडला. पण अडीचच्या आत आहे. अडीच मिलिमीटर झाल्याशिवाय तो दिवस पावसाचा धरत नाहीत.”

“मग मी भिजलो ते काय?”

“भिजलात. तुम्ही भिजलात याबद्दल वाद नाही,” काका समजुतीने म्हणाले. “दिवस पावसाळी नव्हता एवढंच.”

याच्या नेमकं उलट आमच्या कचेरीत चालतं. तिथे अडीच मिलिमीटरला कोणी विचारत नाही. तिथे पाऊस फक्त ढगफुटीच्या मापात पडतो. साडेअकराला कोणी आत आलं आणि साहेबांनी घड्याळाकडे बघितलं की “सर, आमच्याकडे ढगफुटी!” ढगफुटी म्हणजे एका तासात १०० मिलिमीटर, तेही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत. हे खरं धरलं तर आमच्या विभागातल्या मंडळींच्या घरांवर जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा, शक्यतो सोमवारी आणि शुक्रवारी, ढग फुटतात. वारजे आणि माळवाडी यांच्यात भिंतीचंही अंतर नाही, पण एकाकडे ढगफुटी झालेली असते आणि दुसऱ्याचे बूट कोरडे असतात. दुसरा ते बूट टेबलाखाली सारून म्हणतो, “आमच्याकडे तुरळक.” तोही उशिरा आलेला असतो, पण त्याने कारण रेल्वे फाटकाचं दिलेलं असतं.

अर्थात एकाच गावात एवढा फरक पडू शकत नाही असं मी म्हणणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दक्षिण मुंबईतले लोक उपनगरांत फोन लावून विचारत होते, एवढं काय झालंय? त्या रात्री कोणाला विनोद सुचला नाही, आणि आजही तो आकडा काढला की माझे मुंबईचे नातेवाईक गप्प होतात.

फोन लावून विचारण्यावरून आठवलं. पावसाची खरी वेधशाळा म्हणजे आपले नातेवाईक. खात्याच्या केंद्रांवर आकडा मोजला जातो, इथे मानपान मोजला जातो. पहिली सर आली रे आली की कोथरूडहून सिंहगड रस्त्याला फोन जातो.

“आहे का तुमच्याकडे?”

“अजून थेंब नाही. तुमच्याकडे?”

“इथे तर विचारूच नका!” हे सांगताना स्वर असा असतो की पाऊस यांच्याच ओळखीने आलेला आहे. पलीकडचा माणूस हिरमुसतो. अर्ध्या तासाने तो उलट फोन करतो: “आला बरं का! तुमच्यापेक्षा जास्त आहे. गारा पण आहेत.” गारा सहसा नसतात. पण नुसता पाऊस सांगितला तर बरोबरी होते, वरचढ होता येत नाही.

आमची सासुरवाडी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. मेहुणा नोकरीनिमित्त महाबळेश्वरला. जिल्हा एक, अंदाज एक: ‘सातारा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी.’ महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणात पाचशेच्या आतबाहेर, तोही पडला तर. जूनच्या शेवटी मेहुण्याला फोन केला तर तो पत्र्याच्या आवाजात काहीतरी ओरडतो. पुष्कळदा मला एवढंच कळतं की थांबला की फोन करतो. तो फोन ऑक्टोबरात येतो. सासऱ्यांचा फोन मात्र रोज चालू असतो, कारण तिकडे आवाज करायला पाऊसच नसतो.

“पडला का?” मी विचारतो.

“पडला की. ओढ्यापलीकडं पडला. पाटलांच्या बांधापर्यंत आला, आमच्याकडं बघितलं आन् माघारी गेला.”

“मग अंदाज खरा ठरला म्हणायचं. तुरळक ठिकाणी.”

“अंदाजाचं बरोबरच असतंय, जावईबापू. आपलं रान तेवढं त्यात बसत नाही.”

ते हे हसत सांगतात. बाजरी मात्र हसत नाही, ती त्यांच्या बोलण्याच्या मधल्या खोकल्यात कळते. मग ते विषय बदलतात आणि माझ्या गादीची चौकशी करतात. गादीची बातमी माणपर्यंत पोचलेली असते. तिला नेटवर्कची अडचण आली नाही.

यंदा काकांनी ठरवलं की दुसऱ्यांच्या केंद्रांवर विसंबायचं नाही. त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर स्वखर्चाने पर्जन्यमापक बसवला. वर नरसाळं, खाली बाटली, शेजारी खुणा केलेलं काचेचं माप. उघड्यावर, भिंती-झाडांपासून लांब ठेवायचा असतो म्हणून गच्चीची मधली जागा घेतली. त्यावरून सभा झाली. ‘गच्ची सामाईक आहे’, ‘मग कपड्यांच्या दोऱ्या कशा चालतात?’, ‘माझ्या मुलाचा पतंग अडकेल’ वगैरे होऊन शेवटी मापक टाकीशेजारच्या कोपऱ्यात गेला. तिसऱ्या दिवशी, आभाळ स्वच्छ, चांदणं पडलेलं, आणि सकाळी साडेआठला काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं: ७० मिलिमीटर. खात्याच्या मापात ६४.५ च्या पुढे मुसळधार सुरू होतो. पंधरा मिनिटांत ग्रुपवर तीन जणांनी रात्री आवाज ऐकल्याचं लिहिलं, एकीने विजा बघितल्या होत्या, आणि सेक्रेटरींनी तळघरातल्या गाड्या हलवायची सूचना काढली. आमच्या शेजाऱ्यांनी तर गाडी पार मुलीच्या सासरी, चिंचवडला नेऊन लावली. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप मापकाच्या बरोबर डोक्यावर आहे, हे दुपारी प्लंबरने सांगितलं. ज्या तिघांनी आवाज ऐकला होता त्यांनी तो पाण्याचाच होता हे ग्रुपवर आवर्जून नोंदवलं. विजेबद्दल कोणी खुलासा केला नाही.

त्यानंतर खरा पाऊस आला आणि काकांच्या घरात गळायला लागलं. वरच्या मजल्यावर राहण्याचा हा एक मान असतो. काकांनी अर्ज दिला. सेक्रेटरी येऊन छताकडे बघून गेले आणि म्हणाले, “सगळीकडे कुठे आहे काका? तुरळक ठिकाणी आहे.”

सेक्रेटरींनी चुकीच्या माणसासमोर चुकीचा शब्द वापरला होता. काकांनी वही उघडली.

“हॉल, दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर. एकूण चार केंद्रं. हॉलमध्ये गळतंय, स्वयंपाकघरात गळतंय, एका बेडरूममध्ये गळतंय. चारात तीन, म्हणजे ७५ टक्के. तुरळक २५ पर्यंत असतं. हे ‘बऱ्याच ठिकाणी’मध्ये बसतं. तसं इतिवृत्तात लिहा.”

“काका, ‘काही ठिकाणी’ लिहितो.”

“काही ठिकाणी पन्नासपर्यंत.”

“मग पुढच्या महिन्याचा मेंटेनन्स वाढवायला लागेल. ‘बऱ्याच ठिकाणी’चं वॉटरप्रूफिंग महाग पडतं.”

हे मात्र खरं निघालं. वॉटरप्रूफिंगवाला आला, त्याने ओलीच्या डागांभोवती खडूने गोल काढले आणि दोन दर सांगितले: स्पॉटचा वेगळा, पूर्ण गच्चीचा वेगळा. गोल मोजून झाल्यावर त्याने स्पॉटचा दर मागे घेतला. काम पावसात करता येत नाही, चार दिवस कोरडं ऊन लागतं, तेव्हा पाऊस कधी उघडेल ते सांगा, असं तो म्हणाला. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा आकडा दिला नाही. त्यांनी माझ्या आत्याचा फोन नंबर मागितला आणि पुढच्या नक्षत्राला वाहन कोणतं आहे ते विचारून घेतलं. मेंढा होता. वॉटरप्रूफिंगवाल्याने मेंढ्यावर विश्वास ठेवून तारीख दिली आणि आगाऊ रक्कम घेतली.

त्या तारखेला संध्याकाळी जोराची सर येऊन गेली. काकांच्या घरी पातेली, परात आणि लग्नातलं घंगाळ मांडलेलं होतं. मी सहज वर डोकावलो, तेवढ्यात सिंहगड रस्त्याहून त्यांच्या भावाचा फोन आला. त्याच्याकडे नेहमीप्रमाणे जास्त पडला होता, यंदाही गारांसकट. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, घंगाळातली पातळी पट्टीने मोजली आणि म्हणाले, “तुझा थांबला ना? आमचाही बाहेर थांबलाय. आत चालू आहे.”